घासलेल्या रोमन नाण्यावर नको तितकी स्पष्ट अक्षरं

माझे १४० युरो गेले ते गेले, निदान तुमचे तरी वाचावेत म्हणून लिहितोय.

मी म्युनिकजवळ राहतो आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायची सवय आहे. लहानपणी साताऱ्याला शिवराया गोळा करायचो. पार घासलेल्या पैशावर 'श्री'ची नुसती वेलांटी दिसली तरी पुढचं 'राजा शिव' डोळे आपोआप वाचून टाकतात ना, तशी नजर बसलेली. त्या नजरेनंच घात केला.

एका आजोबांच्या टेबलावर डबाभर हिरवट ब्राँझ नाणी होती. कुठली म्हणून विचारलं तर खांदे उडवून म्हणाले मला काय कळतंय त्यातलं, तुम्हीच बघा. बघितलं. एका नाण्याच्या मागे उभी बाई, एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला सिंह. एवढं असलं की बाकी सगळं घासलं तरी चालतं, हे विमिनाकियम, आत्ताच्या सर्बियात कोस्तोलाकजवळ होतं ते लष्करी शहर. बैल सातव्या क्लॉडिया लीजनचा (लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी), सिंह चौथ्या फ्लावियाचा. ही नाणी खोऱ्यानं मिळतात, असं झिजलेलं असेल तर २५-३० युरोला.

पण पुढची बाजू फिरवली आणि छातीत धडधडायला लागलं. चेहरा गुळगुळीत, नाक नाही कान नाही, आणि कडेनं मात्र नाव वाचता येतंय, एमिलियानुस! एमिलियान, रोमन सम्राट. हा गडी २५३ साली जेमतेम तीन महिने गादीवर होता, त्याचं नाणं म्हणजे दुर्मिळ चैन. आजोबा १४० म्हणाले. मी घासाघीस पण केली नाही, कारण चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नव्हतं. खरं सांगू का, त्या क्षणी मला वाटत होतं की फसवणारा मी आहे.

घरी येऊन चहा घेता घेता मागच्या बाजूला खाली बघितलं. विमिनाकियमच्या नाण्यावर बाईच्या पायाखाली वर्ष असतं, 'आन' आणि पुढे रोमन आकडा. सम्राट गॉर्डियन तिसऱ्याच्या काळात, २३९ च्या सुमारास शहराला वसाहतीचा दर्जा मिळाला आणि मोजणी तिथून सुरू. म्हणजे एमिलियानच्या नाण्यावर १४ पाहिजे. माझ्या नाण्यावर व्ही आणि शेजारी दोन दांड्या, सात! म्हणजे साधारण २४५-४६, तेव्हा गादीवर फिलिप, ज्याला अरब फिलिप म्हणतात तो. एमिलियानला यायला अजून सात वर्षं होती.

मग भिंग काढलं (जे बाजारात खिशातच होतं, हसा). ठशानं पाडलेलं अक्षर पृष्ठभागातून वर उचललेलं असतं आणि झिजताना त्याच्या कडा गोल होतात. इथे अक्षरांच्या भोवतीचा धातू खरवडून अक्षर उभं केलेलं, प्रत्येक अक्षर आपापल्या खड्ड्यात बसलेलं, बाजूला बारीक समांतर ओरखडे. गालाची झीज बघावी तर शंभर हात फिरल्यासारखी आणि गालाला लागून असलेलं अक्षर चाकूसारखं धारदार, एकाच नाण्यावर हे होईलच कसं? वजन केलं तर १७ ग्रॅम. तेही फिलिपलाच शोभतं, एमिलियानपर्यंत इथली नाणी बरीच हलकी झाली होती.

म्हणजे नाणं नकली नाहीये, तीच तर गंमत आहे. खरं, जुनं, स्वस्त नाणं घेऊन पुढची बाजू कोरली, मागचं वर्ष बदलायचं राहिलं किंवा कोण वाचतंय म्हणून सोडून दिलं. याला टूलिंग म्हणतात. घासलेलं नाणं यासाठी उत्तमच, कोरायला मोकळी जागा मिळते.

पुढच्या रविवारी गेलो. पावती मी मागितलीच नव्हती. आजोबा शांतपणे म्हणाले, "मी कधी म्हणालो एमिलियान आहे म्हणून? नाव तर तुम्हीच वाचलंत." यावर काय बोलणार! मी फक्त डब्यात हात घातला. अजून दोन होती तशीच, गुळगुळीत चेहरा आणि करकरीत अक्षरं. त्यातल्या एकाच्या अक्षरांमधला हिरवा रंग नखाला लागला.