पिल्लू सापासाठी काय घ्यावं: काचेची टाकी की प्लास्टिकचा टब?

बोलणं पिल्लापुरतंच आहे, मोठ्या सापाचं गणित निराळं. कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथनचं पिल्लू घरी यायचंय, थर्मोस्टॅट (तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवणारं यंत्र) हवाच हे तुम्हाला माहीत आहे, लपायला दोन जागा लागतात हेही माहीत आहे. फक्त हे सगळं मांडायचं कशात, इथे घोडं अडलंय. मी दोन्ही वापरून झालोय आणि दोन्ही आजही घरात आहेत, त्यामुळे कुणा एकाला वाईट म्हणायचा माझा इरादा नाही.

दिसण्यात टाकी जिंकते, यात वाद नाही. पिल्लू संध्याकाळी बाहेर निघतं, काचेला नाक लावून फिरतं, फांदीवर चढतं, ते बघायलाच तर आपण साप पाळतो. टब मात्र माळ्यावरच्या गोधड्यांच्या डब्यासारखा दिसतो. अर्धपारदर्शक प्लास्टिकमधून सापाचा नुसता अंदाज येतो. पाहुण्यांना दाखवायला काही नाही.

पण रोजचा संबंध पाहुण्यांचा नसतो, झाकणाचा असतो. आणि माझं मत फिरलं ते झाकणावरच.

नेहमीच्या टाकीला वरून जाळीचं झाकण असतं. उष्णतेचा दिवा त्या जाळीवरच ठेवायचा, म्हणजे टाकी उघडायची तर आधी दिवा उचलायचा. तो तापलेला, वायर आखूड, ठेवायला जागा नाही. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताने दोन्ही बाजूंच्या क्लिपा काढायच्या, झाकण कुठेतरी टेकवायचं आणि मग आत हात घालायचा. एवढं सगळं कशासाठी, तर पाण्याच्या भांड्यात पडलेला तळाचा लाकडी भुसा काढण्यासाठी. त्यात कॉर्न स्नेकची पिल्लं कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या रेषेला अंग घासत थेट वर चढतात आणि झाकणाच्या आतल्या कडेवर अंग टाकून बसतात. झाकण उचललं की त्याबरोबर सापही वर येतो! दिवा हातात असताना हे घडलं की माणूस दोन क्षण नुसता उभाच राहतो. तक्रार छोटी वाटेल, पण यामुळे ‘पाणी उद्या बदलू’ असं मनात यायला लागतं, आणि पिल्लाच्या बाबतीत ते बरं नाही.

टबाचं झाकणही वरच असतं, मान्य. पण त्याच्यावर काही ठेवलेलं नसतं. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, खाली, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाला. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि टब यांच्या मध्ये. दोन क्लिपा काढल्या की काम सुरू.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. बॉल पायथनला साधारण 60 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, आणि दिव्याखालची जाळी ती वर सोडून देते. मग फवारे मारा, जाळीवर ओलं फडकं टाका, अर्धी जाळी ॲक्रिलिकने झाका, हे उद्योग सुरू होतात. वरचा भुसा भिजतो, हवा तरीही कोरडीच. परिणाम कात टाकताना दिसतो: डोळे दुधाळ होतात, परत स्वच्छ होतात आणि मग कात एकसंध न निघता तुकड्यातुकड्याने निघते. शेपटीच्या टोकाला उरलेलं कातेचं कडं तर बघावंच लागतं, कारण ते आवळत गेलं की टोकाचा रक्तपुरवठा बंद होतो. माझ्याकडे तेच पिल्लू टबात हलवल्यावर कात अखंड टाकायला लागलं, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट. मोजमाप म्हणून हे सांगत नाही, पण डोळ्यांदेखत झालं एवढं खरं. कॉर्न स्नेकला एवढ्या ओलाव्याची गरज नसते, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा मुद्दा निम्माच धरा. उलट त्याच्या टबाला हवेसाठी भोकं जरा जास्त पाडा, नाहीतर ॲस्पेन लाकडाच्या भुश्याला बुरशी धरते.

मोठ्या जागेत पिल्लू खात नाही, असंही सर्रास सांगतात. मला वाटतं, दोष जागेचा नसून उघड्यावर असण्याचा असतो. टाकी पानांनी, सालींनी, बोगद्यांनी गच्च भरली तर पिल्लू तिथेही खाईल. माझं टबात गेल्यावर लगेच खायला लागलं. योगायोगही असू शकेल.

समोरून उघडणारी पेटी हा तिसरा पर्याय. दिव्याची कटकट तिथे मिटते, आणि वरून झडप घातल्यासारखा हात येत नसल्याने साप कमी दचकतो. पण सरकत्या काचा असतील तर दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथली फट बघा. अंड्यातून निघालेलं कॉर्न स्नेक 20 ते 30 सेंमीचं असतं आणि अंगाने फारच बारीक, त्याला तेवढी वाट पुरते. अंग भरल्यावर मात्र याच पेटीचा विचार करावा.

टाकी कुणी घ्यावी? ज्यांना यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा लावायचाच आहे, किंवा ज्यांची खोली इतकी गार असते की मॅट कमी पडते. मॅट तळ तापवते, हवा फारशी तापवत नाही. बाकीच्यांनी सुरुवात टबाने करावी, असं माझं आपलं मत. पिल्लासाठी घेतलेली छोटी टाकी पुढे तशीही अपुरीच पडते, कारण मोठ्या कॉर्न स्नेकला 120 सेंमी लांबीची पेटी लागते.

टब घेताना क्लिपांपेक्षा मधला भाग तपासा. झाकण लावून लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबायचं. कड आत वळून फट पडली तर तो टब परत ठेवून द्या, साप रात्री नेमका तिथेच नाक खुपसतो. भोकं सोल्डरिंग आयर्नने आतून बाहेर पाडा, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची खरखरीत कड बाहेरच्या बाजूला राहते आणि पिल्लाचं नाक सोलत नाही.