थिअरी की लॅब? आधी क्षेत्र ठरवा

भौतिकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण संपत आलं की प्रश्न येतोच: थिअरी घेऊ की एक्स्परिमेंट? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा दोन चित्रं असतात. एकात फळ्यासमोर खडू घेऊन उभा असलेला एकटा माणूस, दुसऱ्यात तारांच्या जंजाळात डोकं घातलेला. गणित पक्कं असेल तर पहिला, हात चालत असतील तर दुसरा. मी लेझरच्या लॅबमध्ये पीएचडी केली, नंतर काही वर्षं सैद्धांतिक गटात काढली, आणि ही वाटणी मला पटेनाशी झाली. कणभौतिकीतला प्रयोगवाला आणि ऑप्टिक्समधला प्रयोगवाला यांचे दिवस एकमेकांच्या ओळखीचेसुद्धा नसतात. उलट क्वांटम ऑप्टिक्समध्ये, म्हणजे प्रकाश आणि अणू एकेक सुटे हाताळण्याच्या क्षेत्रात, थिअरीवाला आणि लॅबवाला एकाच फळ्यावर भांडत असतात. म्हणून रकाने दोन नकोत, चार पाडू: दोन्ही क्षेत्रांत थिअरी वेगळी, प्रयोग वेगळा.

प्रयोग: एकच शब्द, दोन वेगळी कामं

कणभौतिकीतल्या प्रयोगाचा आवाका एका पेपरवरून कळतो. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ॲटलस आणि सीएमएस या दोन गटांनी २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलभूत कणाच्या वस्तुमानाचं एकत्रित मापन प्रसिद्ध केलं. पेपर ३३ पानांचा. त्यात प्रत्यक्ष मजकूर संदर्भांसकट ९ पानं, उरलेली २४ पानं लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची यादी. लेखक ५,१५४.

अशा गटात पीएचडीचा विद्यार्थी स्क्रू ड्रायव्हर क्वचित उचलतो. बहुतेक दिवस प्रोग्रॅमिंग, आलेख आणि मीटिंगा. अधूनमधून कंट्रोल रूममधली पाळी. तुमच्या वाट्याला एखाद्या कणाच्या एका विशिष्ट क्षयाचा, म्हणजे तुटून दुसरे कण होण्याचा, शोध येतो, आणि त्यातलाही बराचसा वेळ 'हा संकेत, म्हणजे आपण शोधतोय ती खूण, नसता तर आलेख कसा दिसला असता' हे ठरवण्यात जातो. जिथे संकेत असायची शक्यता, तो डेटाचा तुकडा पद्धत मंजूर होईपर्यंत मुद्दाम झाकून ठेवतात, कारण उत्तर दिसलं की आपण नकळत त्याच्या बाजूने कौल देऊ लागतो. वर्ष-दीड वर्षाच्या कामानंतर तो उघडायचा. बहुतेक वेळा आत काहीच नसतं, आणि 'काहीच नाही' हाच निष्कर्ष नीट आकड्यांत मांडून प्रसिद्ध होतो. हे ज्याला चालत नाही त्याने इकडे फिरकू नये. हाताने काम हवंच असेल तर याच क्षेत्रात नवे डिटेक्टर बनवणारे, तपासणारे गट असतात. प्रवेश घेतानाच ते बोलून ठेवावं लागतं, नंतर जमत नाही.

ऑप्टिक्सची लॅब म्हणजे तीन-चार माणसं, एक जड टेबल आणि त्यावर पक्के बसवलेले शंभरेक आरसे नि भिंगं. इथला दिवस कसा जातो ते एकाच कामावरून सांगतो. रुबिडियमच्या अणूंसाठी वापरायचा ७८० नॅनोमीटरचा लेझर डोळ्याला जेमतेम दिसतो. तो सिंगल-मोड फायबरमध्ये, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूत, घालायचा असतो, आणि फायबरचा गाभा पाचेक मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक. फायबरच्या आधी दोन आरसे, प्रत्येकाला दोन स्क्रू. पलीकडच्या टोकाला पॉवर मीटर. पहिल्या आरशाचा स्क्रू किंचित फिरवून पॉवर मुद्दाम घालवायची, दुसऱ्या आरशाच्या स्क्रूने परत मिळवायची, आणि आकडा आधीपेक्षा वर गेला का ते बघायचं. गेला तर त्याच बाजूला आणखी, नाही तर उलट. ४० टक्क्यांवरून ६५ वर यायला पहिल्यांदा माझी अख्खी दुपार गेली. वर्षभराने तेच काम दहा मिनिटांत व्हायचं. पण रात्री खोलीचं तापमान जरा सरकलं की सकाळी आकडा पुन्हा ५०.

असे जोड टेबलावर वीस असतात. त्यात अणू ठेवायची निर्वात पेटी कुठे गळायला लागली तर गळती शोधा, ती पेटी पुन्हा कित्येक दिवस तापवत ठेवा, आणि तोवर अणूंचं नाव काढू नका. मला यातून एक प्रकारची झिंग यायची. माझ्या शेजारी बसणाऱ्याला दुसऱ्याच वर्षी वीट आला आणि तो थिअरीत गेला. तो माझ्यापेक्षा कमी कष्टाळू नव्हता.

थिअरी: उत्तर यायला किती वेळ?

थिअरीत हुशारीपेक्षा हा प्रश्न आधी विचारावा. कणांना वस्तुमान देणाऱ्या यंत्रणेवरचे पेपर १९६४ चे. त्यातून अपेक्षित असलेला कण, हिग्ज बोसॉन, सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ ची. मध्ये ४८ वर्षं. पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा आंग्लेर यांना २०१३ मध्ये नोबेल मिळालं, पण आंग्लेर यांचे सहलेखक रॉबर्ट ब्राऊट २०११ मध्येच गेले होते. सुपरसिमेट्रीवर, म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असावा या कल्पनेवर, तर काही पिढ्यांनी काम केलं आणि सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण आदळवणाऱ्या यंत्राला तिचा एकही कण अजून दिसलेला नाही. कणभौतिकीची थिअरी निवडताना हे गृहीत धरावं: आपलं बरोबर होतं का, हे आपल्याला निवृत्तीपर्यंत कळेलच असं नाही.

उलट कधी डेटा घाईत येतो. डिसेंबर २०१५ मध्ये याच यंत्रात ७५० जीईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक) आसपास फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या जरा जास्त दिसल्या. पुढच्या काही महिन्यांत त्यावर सुमारे ५०० सैद्धांतिक पेपर आले. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आल्यावर तो उंचवटा सपाट झाला. योगायोग होता. हे पाचशे पेपर वाया गेले असं मी म्हणणार नाही, पण त्यांतला एखादा तुमच्या पीएचडीचा मुख्य भाग असता तर?

क्वांटम माहितीत, म्हणजे एकेका अणूवर किंवा प्रकाशकणावर माहिती साठवण्या-हाताळण्याच्या क्षेत्रात, हिशेब वेगळा आहे. अडकवलेल्या आयनांवर (विद्युतभारित अणूंवर) लॉजिक गेट, म्हणजे गणनेची मूळ पायरी, कसं बांधायचं, हे सिराक आणि झोलर यांनी १९९५ मध्ये सुचवलं. त्याच वर्षी मन्रो, वाइनलँड आणि सहकाऱ्यांनी एकाच आयनावर त्यातलं मूळ गेट करून दाखवलं. इथल्या थिअरीवाल्याला लॅबमधून फोन येतो: तुमच्या सूत्रात लेझरची फेज, म्हणजे त्याच्या लाटेची स्थिती, स्थिर धरली आहे, आमची स्थिर नाही, आता काय? मला हा फोन आवडायचा. काहींना तो अपमान वाटतो. त्यांनी कणभौतिकीच्या किंवा शुद्ध गणिताच्या अंगाने जावं, तिकडेही जागा आहे. अर्थात इथेही सगळं झटपट होतं असं नाही. दाबलेला प्रकाश, ज्याला स्क्वीझ्ड लाइट म्हणतात, वापरून इंटरफेरोमीटर या प्रकाशाच्या लाटा एकमेकींशी ताडून मोजणाऱ्या उपकरणातला क्वांटम गोंगाट कमी करता येईल हे कार्लटन केव्ह्ज यांनी १९८१ मध्ये लिहिलं. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोचे दोन्ही डिटेक्टर तो निरीक्षणांत नेमाने वापरू लागले ते २०१९ पासून.

थिअरीचं रोजचं काम लांबून स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात तेही फायबर जुळवण्यासारखंच आहे, फक्त पॉवर मीटर नसतो. तीन आठवडे एक गणित करायचं, मग त्यातली जोडणी, म्हणजे घटकांमधल्या परस्परक्रियेची ताकद, शून्य करून जुनं, माहीत असलेलं उत्तर येतं का बघायचं. येत नाही. दोनचा एक गुणक कुठेतरी हरवला आहे. तो सापडेपर्यंत दाखवायला काहीच नसतं. लॅबमध्ये अडकलेला माणूस निदान काहीतरी पुसतो, जोडतो, दुसऱ्याला हाक मारतो. थिअरीतलं अडकणं बाहेरून अजिबात दिसत नाही, आणि तो एकटेपणा सोसणं गणितापेक्षा अवघड आहे, असं माझं मत.

चूक कुठे निघते

दोन्हीकडची एकेक चूक शेजारी ठेवून पाहा. २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो हे जवळजवळ वस्तुमानहीन कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचं दिसलं. जगभर खळबळ. मुख्य कारण निघालं नीट न बसलेली एक फायबर ऑप्टिक केबल. त्याच्या दहा वर्षं आधी, २००१ मध्ये, म्युऑनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या, चुंबकीय गुणधर्माचं मापन आणि थिअरी यांच्यात लक्षणीय फरक दिसला होता. तिथे वर्षअखेर कळलं की थिअरीच्या एका छोट्या पदाचं चिन्ह उलटं होतं, अधिकच्या जागी उणे. मूळ गडबड संगणकीय बीजगणिताच्या एका प्रोग्रॅममधल्या चिन्हाबद्दलच्या नियमात होती. चिन्ह सुधारल्यावर फरक बराच आटला.

केबल शोधायला यंत्राजवळ जावं लागलं. चिन्हाची चूक दुसऱ्या एका गटाने तेच पद वेगळ्या वाटेने काढलं तेव्हा सापडली. तुम्हाला यांतलं कोणतं शोधकाम जास्त आवडेल, हा प्रश्न 'गणित आवडतं का' यापेक्षा जास्त उपयोगी आहे. दोन्हींना गणित लागतंच.

उरलेलं, थोडक्यात

नावाचं महत्त्व असेल तर: कणभौतिकीत लेखकांची नावं सहसा वर्णानुक्रमे लागतात, थिअरीतही. ऑप्टिक्समध्ये ज्याने सर्वाधिक काम केलं त्याचं नाव पहिलं आणि गटप्रमुखाचं शेवटी. विषय बदलायचा झाला तर थिअरीवाला महिन्याभरात वळू शकतो, लॅबला वर्षं लागतात. विद्यापीठाबाहेर नोकरी शोधताना लेझर, निर्वात यंत्रणा आणि इलेक्ट्रॉनिक्स येणाऱ्याला आणि मोठा डेटा हाताळलेल्या कणभौतिकीवाल्याला आपलं काम समजावून सांगायला कमी वेळ लागतो. शुद्ध थिअरीवाल्याला आधी प्रोग्रॅमिंगचा पुरावा द्यावा लागतो.

गट बघायला जाल तेव्हा गाइडशी बोला, पण खरी माहिती तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून मिळेल. त्याला 'कसं चाललंय' विचारू नका, 'छान' असं उत्तर येईल. गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय केलं, ते विचारा. लॅब असेल तर कोणतं उपकरण सध्या बंद आहे आणि किती दिवसांपासून, तेही. थिअरीचा गट असेल तर शेवटचं गणित कोणी तपासलं, हे विचारा. उत्तर 'कोणीच नाही' आलं तर दुसरा गट बघा.