पोट तपासणीचा मॅनिकिन: लिव्हर-स्प्लीनसाठी मस्त, पण दुखरं पोट यावर शिकता येत नाही

आमच्या स्किल लॅबमधला पोट तपासायचा मॅनिकिन (सरावाचा पुतळा) बराच वापरून झालाय, लिव्हर, स्प्लीन (प्लीहा), किडनी काढून-घालून बदलता येतात तो, आणि ज्युनिअर्स सारखे विचारतात की यावर वेळ घालवावा का, म्हणून लिहितेय.

घालवा, नक्की घालवा. याची खरी कमाल म्हणजे श्वास. पंप दाबला की लिव्हर खाली सरकतं आणि हात नेमका कधी स्थिर ठेवायचा ते कळतं. बरेच जण पेशंट श्वास घेत असतानाच बोटं खुपसत राहतात, अरे थांबा ना, लिव्हरची कड आपणहून बोटाला येऊन टेकते, नाही आली तर श्वास सोडताना हात बरगडीकडे थोडा वर सरकवायचा. आणि सुरुवात राइट इलियाक फोसापासूनच (पोटाचा उजवा खालचा कोपरा), थेट बरगडीखाली हात घातला तर खूप वाढलेल्या लिव्हरची कड हुकते. स्प्लीनही तिथूनच शोधत तिरकं वर जायचं, कारण ती वाढते त्याच तिरक्या रेषेत, आणि साधारण २-३ पट झाल्याशिवाय हाताला लागत नाही. यातल्या मोठ्या स्प्लीनची खाच बोटाला इतकी छान लागते की किडनीशी घोळ होणारच नाही.

परकशन (बोटाने ठोकून आवाज ऐकणं) मात्र बेकार, सगळीकडे एकच ठक ठक, शिफ्टिंग डलनेस (कूस बदलली की बद्द आवाजाची जागा बदलणं, पोटातल्या पाण्याची खूण) विसरा. आतड्यांचे आवाज स्पीकरवर ठीक आहेत, पण पोट दाबून मग ऐकलं तरी आवाज तेच, म्हणून आधी स्टेथो आणि मग हात ही सवय स्वतःच लावून घ्या.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे याला दुखत नाही. गार्डिंग (दुखल्यावर पोटाचे स्नायू आवळणं) नाही, चेहरा नाही, आणि मग पोरं खाली हाताकडे बघत तपासायला शिकतात, जे मला अजिबात पटत नाही. कुठे दुखतं ते विचारायचं, त्या जागेपासून लांब सुरुवात करायची आणि डोळे पेशंटच्या चेहऱ्यावर. आम्ही यावर उपाय काढलाय, एकाला मॅनिकिनच्या डोक्याशी बसवायचं, त्याने मनात एक दुखरी जागा धरायची आणि तिथे हात गेला की न बोलता फक्त कपाळाला आठी घालायची, तपासणाऱ्याला दिसली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. रिबाउंड (दाबलेला हात सोडताना होणारं दुखणं) बघायला खोल दाबून झटकन हात सोडायची प्रॅक्टिस तर करूच नका, खऱ्या पेशंटला आधी खोकायला सांगा, पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह) असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यातच तो कळवळतो.