क्लच अचानक गेला, बिल मात्र प्लेटचं लावलं

घाटात क्लच गेला की रस्त्यालगतच्या गॅरेजवाल्याला बॉनेट न उघडताच बरंच काही कळतं. गाडी बाहेरगावची आहे, आत घरची माणसं आहेत, कुठल्यातरी कार्याला वेळेवर पोचायचं आहे. एवढ्या माहितीवर आमच्याकडून १६,५०० रुपये काढले गेले. प्रत्यक्षात बिघडलेला भाग होता १,८०० रुपयांचा.

आम्ही पुण्याहून कराडला लग्नाला निघालो होतो. मागे आई आणि मावशी, शेजारी बायको. खंबाटकी घाटाच्या चढावर पुढे उसाचा ट्रक रांगत होता. पहिला गिअर टाकायला क्लच दाबला आणि पेडल थेट तळाला जाऊन बसलं. गाडी आचके देत बंद पडली. बुटाच्या टोकानं पेडल उचललं तर वर आलं, पुन्हा दाबलं तर पायाला काही लागेच ना. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडत होते. चालू केलं की दांडा करकर करत हात झटकून टाकायचा. आधी आवाज नाही, वास नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. सकाळी घरून निघताना पेडल अगदी नेहमीसारखं होतं.

चाकामागे दगड लावून महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनला फोन लावत होतो, तोवर एक दुचाकीवाला येऊन थांबलासुद्धा. "ओळखीचं गॅरेज आहे, टोइंगची गाडी पाठवतो." शेजारून कंटेनर घासून जात होते, आईचा जीव खालीवर होत होता. गेलो त्याच्यामागे.

गॅरेजच्या मालकानं दार उघडून हातानंच दोनदा पेडल दाबलं. बस्स, एवढीच तपासणी. "साहेब, प्लेट बसली. जळून कोळसा झाली असणार. वास येतोय ना?" वास येत होताच. खंबाटकी चढून आलेल्या कुठल्याही गाडीशेजारी उभं राहा, येतो. पुढे यादी सुरू झाली: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, म्हणजे पूर्ण सेट, शिवाय गिअरबॉक्स उतरवायची मजुरी. बावीस हजार. मग "लग्नाला चाललाय म्हणून" साडेसोळा.

बायकोनं नेमका प्रश्न विचारला. "सकाळपर्यंत नीट चालणारी प्लेट अशी एका मिनिटात कशी जळते?"

"ताई, क्लच असाच जातो. न सांगता."

या एका वाक्यावर सगळा धंदा उभा आहे, कारण ते अर्धं खरं आहे. क्लच न सांगता जातो. पण तसा जाणारा भाग बहुतेक वेळा स्वस्तातला असतो, आणि जो महाग असतो तो आधी पुष्कळ दिवस ओरडत असतो.

प्लेटचं काम साधं आहे. इंजिनबरोबर फिरणारं फ्लायव्हील आणि त्यावर दाबून बसवलेली प्रेशर प्लेट, यांच्यामध्ये क्लच प्लेट चिमटीत धरलेली असते. पाय पेडलवर नसताना ही पकड घट्ट असते आणि इंजिनाची ताकद चाकांकडे जाते. पेडल दाबलं की पकड सुटते आणि गिअर बदलता येतो. प्लेटवरचं लायनर हजारो किलोमीटरमध्ये झिजत जातं. झिजलं की पकड सैल होते. अशा गाडीचा गिअर सहसा नीट पडतो, पण गाडी ओढत नाही. वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दिला तर इंजिनाचे फेरे भसकन वाढतात आणि वेगाचा काटा जागेवर. गाडी उचलण्याची जागा पेडलच्या अगदी वरच्या टोकाला सरकते. हाफ क्लचवर गाडी धरायची सवय असेल तर करपट वास येतो. हे सगळं आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने चालतं.

आमच्या गाडीला झालं होतं ते बरोबर उलटं. पकड घट्टच होती, ती सुटत नव्हती. म्हणून चालू इंजिनावर गिअर पडत नव्हता आणि बंद इंजिनावर पडत होता. पायाचा दाब पुढे पोचतच नव्हता.

हा दाब पोचवायच्या दोन पद्धती आहेत. मारुती ८००, अल्टो, वॅगनआर अशा गाड्यांत पोलादी तारांची केबल असते. ती बहुधा टोकाशी, वाकते तिथे, एकेक तार करून तुटत जाते. वरच्या आवरणामुळे आतलं दिसत नाही. शेवटच्या काही तारा उरल्या की एक दिवस खाडकन. आधी पेडल जड किंवा खरखरीत लागतं, पण रोज चालवणाऱ्याच्या पायाला तीच सवय होऊन जाते. नवी केबल काही शेकड्यांत येते.

दुसरी पद्धत हायड्रॉलिक. पेडलजवळ मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर, मध्ये नळी आणि तीत ब्रेक ऑइल. दोन सिरिंजची तोंडं नळीनं जोडून एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो, तसंच. सगळा भार रबरी सीलवर. सीलची कड झिजली किंवा चिरली की तेल कडेनं निसटतं आणि पेडल खाली बसतं. मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत तेल निसटलं तर जमिनीवर थेंबही पडत नाही आणि टाकीतली पातळीही उतरत नाही. तेलाचंही एक आहे: ते हवेतली ओल शोषतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात आणि फारसं कुणी बदलत नाही. आतलं पाणी सील आणि सिलिंडर खराब करतं. घाटात, उष्णतेत, त्याची वाफ होऊन पेडल पोकळ पडू शकतं. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. तिच्यात क्लचचं तोंड वरच्या बाजूला ठेवलेलं असतं, म्हणजे तेल कमी झालं तर आधी क्लच जावा, ब्रेक राहावेत. त्यामुळे क्लचचं पेडल बसलं की पहिलं काम बॉनेट उघडून ही टाकी बघण्याचं. आमच्या गॅरेजवाल्यानं आमच्यासमोर तरी बॉनेटला हात लावला नाही.

आता न्यायाचं बोलायचं तर प्रेशर प्लेटची स्प्रिंग मोडणं, पकड सोडवणारा फोर्क तुटणं, प्लेटचा मधला भाग निखळणं हेही अचानक होऊ शकतं, आणि तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडरच गिअरबॉक्सच्या तोंडाशी, आत बसवलेला असतो. तिथे भाग लहान असला तरी मजुरी मोठी लागते. म्हणून "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असं म्हणणारा प्रत्येक मिस्त्री चोर नसतो. पण प्रामाणिक मिस्त्री आधी बाहेरचं तपासतो. टाकी, पेडलखालची ओल, स्लेव्हचं रबर, केबलचं टोक. त्याला पाच-दहा मिनिटं पुरतात.

आम्हाला शेजारच्या ढाब्यावर जेवायला पाठवलं. "इथे धूळ आहे, म्हाताऱ्या माणसांना त्रास होईल." काळजी वाटली, होती मात्र सोय. सोलकढी संपायच्या आत फोन आला, गाडी तयार! सराईत दोघं असले तरी गिअरबॉक्स उतरवून, सेट बसवून परत चढवायला अर्धा दिवस सहज जातो. पेडल खरंच घट्ट लागत होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळी ठिक्कर प्लेट हातात दिली, रिव्हेट उघडे पडलेली. "ही तुमची जुनी. पुराव्याला ठेवा." बिलाच्या जागी वहीचा कागद, त्यावर "क्लच काम, १६,५००". जीएसटी क्रमांक नाही, भागांची नावं नाहीत. यूपीआयवर पैसे गेले ते कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर.

लग्न झालं, पुण्याला परत आलो, आणि काही आठवड्यांनी पेडल पुन्हा मऊ पडायला लागलं. या वेळी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती रॅम्पवर चढवली, खालून बॅटरी मारली आणि मलाच बोलावलं.

"दादा, इकडे या. हे बोल्ट बघा."

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा तेलकट चिखल थिजून बसला होता, डोक्यांवर आणि फटींत सारखाच. त्यांनी नखानं खरवडला तेव्हा खालचं लोखंड दिसलं. "याला पानाच लागलेला नाही. उतरवला असता तर इथे चकचकीत कडा दिसल्या असत्या." मग बाहेरच बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरकडे बोट केलं. नळीत शिरलेली हवा काढायच्या छोट्या निपलवर मात्र पान्याचे ताजे ओरखडे होते. रबरी टोपी मागे सारली तर आतून तेल ओघळलं. म्हणजे त्या दिवशी तेल भरून हवा काढली होती, एवढंच. गळकं सील तसंच ठेवलं होतं.

स्लेव्ह सिलिंडर १,८००, तेल आणि मजुरी धरून २,६०० रुपयांत काम झालं, पक्क्या बिलासह. मिस्त्रींनी जाता जाता गाडीतच प्लेटची परीक्षाही करून दाखवली. सपाट मोकळी जागा, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय, तिसरा गिअर, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं. प्लेट घसरत असती तर ते फिरत राहिलं असतं. आमची कंपनीतून आलेली प्लेट अजून ठणठणीत आहे. (ही परीक्षा एकदाच करावी, हौसेनं पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेट जाळाल.)

डिकीतली ती काळी प्लेट स्पेअरच्या दुकानात नेली. काउंटरवरच्या माणसानं आमच्या मॉडेलची नवी प्लेट खोक्यातून काढून तिच्यावर ठेवली. आमची २०० मिलिमीटरची, ती २४० ची. मधल्या भोकाचे दातेही वेगळे. "पिकअपची आहे ही," तो हसत म्हणाला. अशी एकच प्लेट दिवसभरात किती गिऱ्हाइकांच्या डिकीत जात असेल कोण जाणे, निदान आमची तरी परत न्यायला त्यांना मिळाली नाही.

तुमच्यावर वेळ आली तर इंजिन बंद करून गिअर पडतो का ते बघा आणि मिस्त्रीला सांगा, "बंद इंजिनावर पडतो, चालूवर पडत नाही, पेडल तळाला जातंय." एवढं ऐकलं की त्याला कळतं की समोरच्याला काहीतरी समजतंय. टाकी तुमच्यासमोर उघडायला लावा. गिअरबॉक्स उतरवणारच असतील तर उतरलेल्या अवस्थेत फोटो काढू द्या म्हणावं. यावर चिडणाऱ्याकडे गाडी ठेवू नये. शिवाय विम्याबरोबर रस्त्यावरच्या मदतीची सेवा घेतली आहे का ते कागदांत बघून ठेवा. आम्ही तिचे पैसे दर वर्षी भरत होतो आणि तो नंबर घरच्या फाइलमध्ये होता.

बोल्टांचे आणि दोन प्लेटांचे फोटो गॅरेजवाल्याला पाठवले. आधी "गाडी घेऊन या, बघू" झालं, मग फोन उचलणं बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्याला पाठवला, तेव्हा १०,००० रुपये परत आले, त्याच तिसऱ्या माणसाच्या खात्यातून. उरलेले टोइंगचे आणि मजुरीचे, असं त्याचं म्हणणं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्यामुळे उरलेल्या साडेसहा हजारांसाठी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज लिहून तयार आहे. मिस्त्रींनी दोन ओळींचं लेखी मत दिलंय, ते आणि यूपीआयची पावती जोडून या आठवड्यात दाखल करतोय.