अकरा महिने, ३१,४०० किलोमीटर: माझ्या पिकअपचं खरं ॲव्हरेज

गाडी घेतल्यापासून भेटेल तो माणूस एकच विचारतो, "काय देते?" पहिला महिनाभर मी "पंधरा" सांगून मोकळा व्हायचो. शोरूममध्ये त्याहून मोठा आकडा ऐकला होता आणि स्टिअरिंगमागच्या पडद्यावरही चौदा-पंधराच दिसायचं. मग एकदा महिन्याची डिझेलची बिलं आणि किलोमीटर समोरासमोर मांडले, आणि हिशेब काही केल्या जुळेना. त्या दिवसापासून वही घातली. आज त्या वहीत ३१,४०० किलोमीटर आहेत, २,५९० लिटरच्या जवळपास डिझेल आहे आणि सरासरी पडते लिटरला १२.१ किलोमीटर.

पण हा १२.१ आकडा घेऊन कुणी गाडी घ्यायला निघू नये. या एका आकड्यात नऊ देणारे दिवस आहेत आणि साडेतेरा देणारेही आहेत. गाडी तीच, इंजिन तेच, बऱ्याचदा ड्रायव्हरही मीच. फरक कशाने पडतो, ते कळायला अकरा महिने लागले.

आधी गाडीबद्दल. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, पाच गिअर, १.७ टन पासिंग (म्हणजे तेवढा माल भरायची परवानगी), एप्रिल २०२३ नंतरची, म्हणजे बीएस-६ या धुराच्या नियमांच्या दुसऱ्या टप्प्यातली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच पासिंगची दुसरी कुठलीही पिकअप घेतली तरी खालच्या आकड्यांत फार फरक पडेल असं मला वाटत नाही. काम म्हणाल तर नारायणगाव ते वाशी मार्केट. सीझनला टोमॅटो, नाहीतर जो भाजीपाला मिळेल तो. आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, शिळफाटा आणि वाशी. जाऊन-येऊन ३३० किलोमीटर.

मोजायची पद्धत सांगतो, कारण तिथेच बरेच जण फसतात. एकच पंप, शक्यतो तेच नोझल, ते पहिल्यांदा आपोआप बंद पडलं, म्हणजे कट झाला, की थांबायचं. वर "अजून थोडं बसेल" म्हणून गळ्यापर्यंत भरायचं नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या कटपर्यंत. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका फेरीवर विश्वास ठेवायचा नाही. त्याच कामाच्या निदान चार-पाच फेऱ्यांची सरासरी धरायची. किलोमीटरचा काटाही मी द्रुतगती मार्गावरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी ताडून पाहिला. तो शंभराला दीड किलोमीटर जास्त दाखवतो, तेवढं मी वजा करतो. पडद्यावरचं ॲव्हरेज माझ्या गाडीत खऱ्यापेक्षा सतत एकाने तरी जास्त असतं. म्हणून पडद्याकडे मी आता फक्त चढउतार बघायला बघतो.

शोरूमच्या आकड्याबद्दल माझा राग आता गेलाय, कारण तो आकडा कसा निघतो ते समजून घेतलं. पुण्यातल्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या आराखड्याप्रमाणे चालवतात. सगळं मिळून वीस मिनिटांच्या आतलं काम. वेग कधीच ९० च्या वर जात नाही, एसी बंद, घाट नाही, समोरून वारा नाही. आणि मुख्य म्हणजे हौदा रिकामा, एक-दोन माणसांएवढंच काय ते जादा वजन धरलेलं. दोन गाड्यांची तुलना करायला ही पद्धत बरोबर आहे. पण पिकअप कुणी रिकामी पळवायला घेत नाही. माल घेऊन पळणाऱ्या गाडीला रिकाम्या गाडीचा आकडा लावला, तर हिशेब चुकणारच.

आता माझे आकडे. ७५ क्रेट टोमॅटो, क्रेटला २० किलो माल आणि वर क्रेटचं वजन, म्हणजे सव्वासोळाशे-साडेसोळाशे किलो. भरून जाणं, रिकामे क्रेट घेऊन येणं, वेग साठ-पासष्ट: १२.८. फेरीला २५.८ लिटर.

मला वाटायचं की सगळं डिझेल जाताना, भरलेल्या गाडीत जळत असणार. तसं नाही. आमचा भाग समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच, आणि वाशी खाडीच्या काठाला. म्हणजे भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते. टोमॅटोवाल्यांवर माळशेजची ही मोठीच मेहेरबानी आहे. आकडेमोड करून पाहिली तर भरलेली गाडी तेवढी उंची चढवायला नुसत्या चढाचं जवळपास दोन लिटर डिझेल लागतं, रिकामीला एक. उलट्या दिशेने, म्हणजे कोकणातून घाटावर माल आणणाऱ्याला हीच पिकअप माझ्यापेक्षा कमी देणार, आणि त्यात गाडीचा दोष काहीच नसणार.

उतरण्याबद्दल एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करणारे मी रोज बघतो. नव्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणंच बंद करतात. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू राहायला उलट डिझेल लागतं. म्हणजे वाचत तर काही नाहीच, वर साडेतीन टनाचा सगळा भार ब्रेकवर येतो आणि लायनर तापून ब्रेक लागेनासे होतात. मी माळशेज तिसऱ्यात उतरतो, अवघड वळणाला दुसऱ्यात. क्षणाक्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी तेव्हा टोकाला जाऊन बसते. मागच्या पावसाळ्यात धुक्यात पुढची एक गाडी वळणावर थांबेचना, जळक्या लायनरचा वास आमच्या केबिनपर्यंत आला. डोंगराच्या बाजूला घासत थांबली म्हणून माणसं वाचली. दहा-वीस रुपयांच्या डिझेलसाठी, आणि तेही न वाचणाऱ्या डिझेलसाठी, हे करू नका.

रिटर्न भाड्याचा हिशेब मला सगळ्यात उशिरा कळला. वाशीच्या दाणाबाजारातून आळेफाट्याच्या एका दुकानदाराचा किराणा आणायला लागलो, साधारण १४०० किलो. ॲव्हरेज एकदम १२.८ वरून ११.४ वर आलं आणि घरी चर्चा सुरू झाली की गाडी बिघडली. वही काढून बसलो. ३३० किलोमीटरला आता २८.९ लिटर, म्हणजे फेरीला ३.१ लिटर जादा. लिटरला ९० च्या आसपास धरलं तर २८० रुपये. भाडं त्याच्या कितीतरी पट जास्त. आधी साडेसोळाशे किलो मालासाठी २५.८ लिटर जळत होतं, आता तीन टनांहून जास्त मालासाठी २८.९. टनाला साडेपंधरा लिटरवरून साडेनऊवर आलो. "काय देते?"ला दिलेलं उत्तर पडलं, पण धंदा सुधारला. तेव्हापासून मी किलोमीटर मोजतो, पण निर्णय टनावर घेतो.

याच्या अगदी उलट घडलं ते रिकाम्या क्रेटमुळे. आमच्याच गावातल्या दोघा-तिघांचे क्रेट मार्केटमध्ये अडकले होते. "येताना घेऊन ये ना भाऊ, तुझी गाडी तर मोकळीच येते," म्हणाले. मीही म्हटलं, रिकामे क्रेट, वजन ते काय! १२० क्रेट सहा थरांत रचले, दोरी मारली आणि निघालो. माझ्या हौद्यात चार थर केबिनच्या उंचीला येतात; सहा थर म्हणजे दीड-पावणेदोन फूट उघडी जाळी वाऱ्यात. शहापूरकडून येतो तसा आडवा वारा मुरबाडच्या पुढे मोकळ्या माळावर लागला, तेव्हा गाडी चक्क ओढल्यासारखी वाटत होती. क्रेटच्या भोकांतून वारा असा घुमत होता की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. पंपावर बघतो तर नेहमीपेक्षा दोन लिटर जास्त. नंतर चार फेऱ्या तशाच केल्या, चारही वेळा तेच. दोनशे किलो प्लॅस्टिकला दोन लिटर, आणि चौदाशे किलो किराण्याला तीन! वजन गाडीला लागतं, पण वारा त्याहून वाईट लागतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

वेगाचंही हेच. आठवड्यातून एक फेरी माझा चुलत भाऊ करतो. तोच माल, तोच रस्ता, वेग मात्र जिथे मिळेल तिथे ऐंशी. त्याचं ॲव्हरेज ११.२, माझं १२.८. फेरीला साडेतीन लिटरपेक्षा जास्त फरक. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलं की तो पावणेदोन पट होतो. पिकअपचं नाक सपाट, मागे क्रेटची भिंत, त्यामुळे कारपेक्षा हिला ते जास्तच जाणवतं. "दादा, पण मी लवकर पोचतो ना," तो म्हणतो. दोघांच्या वेळा लिहून पाहिल्या. घाट आणि कल्याणचं ट्रॅफिक दोघांनाही सारखंच अडवतं, त्याचे वाचतात वीस-पंचवीस मिनिटं, आणि ती मार्केटच्या गेटवर रांगेत जातात. उलट खूप हळू, वरच्या गिअरमध्ये कण्हत चालवणंही चांगलं नाही. माझं इंजिन मिनिटाला १६०० ते २२०० फेऱ्यांत (आरपीएम) खूश असतं. त्याखाली पाचव्यात ओढलं तर ॲव्हरेज वाढत नाही, इंजिन थरथरतं.

गेटवरच्या रांगेचं डिझेल कुणी धरत नाही. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर जातं. आता पुढची गाडी हलली की चावी फिरवतो, तोवर बंद. पावसाळ्यात माळशेजला दरड आली की चाकण-तळेगावमार्गे जावं लागतं. अंतर फार वेगळं नाही, पण चाकणच्या चौकांत इतकं रखडायला होतं की त्या फेऱ्यांची सरासरी ११.९ निघाली.

सगळ्यात वाईट आकडा, ९.१, सीझन नसताना गावातल्या गावात आला. शेत ते मार्केट सहा-सात किलोमीटर, इंजिन गरम होईपर्यंत पोचायचं, बंद, पुन्हा थंड. आणि यात डीपीएफचा भाग मोठा आहे. सायलेन्सरच्या रस्त्यात धुराची काजळी अडवणारी ही जाळी भरली की गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडून सहाशे अंशांच्या आसपास तापमान नेते आणि काजळी जाळून टाकते. त्याला सलग चालणं लागतं. मध्येच गाडी बंद केली की काम अर्धवट, पुढच्या वेळी पुन्हा डिझेल, आणि काही डिझेल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. पहिल्यांदा डीपीएफचा दिवा लागला तेव्हा मी घाबरून गाडी बाजूला लावून बंद केली होती. नेमकं उलटं करायला हवं होतं. आता गावातलं काम चालू असताना आठवड्यातून एकदा आळेफाट्याच्या पुढे हायवेला पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगात नेऊन आणतो. एका मेकॅनिकने सुचवलं की डीपीएफ काढून टाक, ॲव्हरेज वाढेल. नाही काढला. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि तो धूर शेवटी आपल्याच पोरांच्या शाळेसमोर सोडायचा असतो.

टायरच्या हवेत मी स्वतः मार खाल्ला. दोन आठवडे ११.९, कारण सापडेना. आतल्या बाजूने घुसलेल्या खिळ्यामुळे मागच्या एका चाकात १२ पौंड हवा कमी होती, आणि भरलेल्या गाडीत डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. हात लावून पाहिला तर ते चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच गरम. आता दर सोमवारी सकाळी, गाडी थंड असताना, दरवाज्याच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे हवा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे तिथे वेगळे आहेत, तेवढं बघून घ्या.

कुणी विचारतं, १.३ टनाची घेऊ की १.७ ची? तुमच्याकडे रोजचा माल टनाच्या आत असेल तर मोठी गाडी घेऊन रिकामी जागा आणि जादा लोखंड फिरवू नका. माझ्यासारखे ७५ क्रेट रोज असतील तर १.७ च घ्या. छोटीत तेच क्रेट लादून ॲव्हरेज, स्प्रिंगचे पाटे आणि टायर तिन्ही घालवाल.

परवाच्या फेरीची नोंद: जाताना ७५ क्रेट, येताना बाराशे किलो किराणा, त्यावर क्रेट फक्त केबिनच्या उंचीपर्यंत, उरलेले मार्केटमध्येच ठेवले. ताडपत्री पुढून आवळून बांधली. चुलत भाऊ चालवत होता, मी शेजारी. ३३१ किलोमीटर, २८.१ लिटर. पंपावर त्यानेच वही मागून घेतली आणि आकडा स्वतः लिहिला.