आरसी विमानाला फ्लोट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबरमध्ये मी माझ्या फोमच्या हाय-विंग ट्रेनरला (रिमोटवर उडणारं, पंख वर असलेलं शिकाऊ विमान) फ्लोट, म्हणजे चाकांऐवजी होडीसारखे तरंगणारे दोन पाय, लावले आणि मेअखेरपर्यंत जवळपास दर रविवारी पाण्यावरून उडवलं. पंखांचा विस्तार १.४ मीटर, बॅटरीसकट वजन १२५० ग्रॅम. फ्लोटचा संच तयार मिळाला. पट्ट्या, तारा, स्क्रू धरून त्याचं वजन २१० ग्रॅम भरलं.

आधी जागेचं सांगतो. सोलापुरातले सिद्धेश्वर तलाव आणि संभाजी तलाव भर वस्तीत, काठावर कायम माणसं, त्यामुळे ते विचारातही घेतले नाहीत. शहराजवळच्या हिप्परगा तलावाचं पाणी मोठं आहे, पण हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात. त्यांच्यात फिरता प्रॉपेलर नेणं मला पटत नाही. शेवटी मोहोळ तालुक्यात मामांच्या गावचा पाझर तलाव ठरला. पावसाळ्यानंतर तो तुडुंब असतो, बांधावर उभं राहिलं की सगळं पाणी नजरेत येतं, आणि मामांनी गावात आधीच सांगून ठेवलं होतं. सोलापूरला विमानतळ असल्याने ड्रोनसाठीचा सरकारी हवाई नकाशाही पाहून घेतला.

पहिले दोन रविवार विमान पाण्यावरून उठलंच नाही. पूर्ण थ्रॉटलला ते बोटीसारखं सुसाट पळायचं, पाणी उडवायचं, आणि समोरचा काठ आला की मी थ्रॉटल कापायचो. मोटर कमी पडते असं वाटून मी मोठा प्रॉप आणायला निघालो होतो. बरं झालं, आधी मोजमाप घेतलं.

फ्लोटच्या तळाला मध्यावर एक पायरी असते, तिला स्टेप म्हणतात. ओल्या दोन काचा एकमेकींवर ठेवल्या की सुटत नाहीत, तसा फ्लोटचा तळ पाण्याला धरून राहतो. स्टेपच्या मागे हवा शिरते आणि ती पकड सुटते. वेग आला की विमान या पायरीवर तोललं जातं आणि तिथूनच नाक वर करून हवेत उठतं. म्हणून स्टेपची जागा सीजीच्या (विमानाच्या गुरुत्वमध्याच्या) किंचित मागे, साधारण १० ते १५ मिलिमीटरवर हवी. माझी ३५ मिलिमीटर मागे गेली होती, कारण संचाबरोबरच्या कागदावर याबद्दल एक शब्दही नव्हता. स्टेप इतकी मागे असली की एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) कितीही ओढा, नाक वर येत नाही. फार पुढे घेतली तर विमान शेपटीवर बसतं आणि पळताना उड्या मारतं. मी पुढच्या-मागच्या दोन्ही पट्ट्यांना नवी भोकं पाडून फ्लोट पुढे सरकवले, तेव्हा त्यांची टोकंही प्रॉपच्या चांगली पुढे आली. उतरताना नाक पाण्यात खुपसण्याची भीती त्याने कमी झाली. सरकवल्यावर सीजी मात्र नव्याने तपासावाच लागतो. मला बॅटरी बोटभर मागे घ्यावी लागली.

दुसरी गोष्ट कोनाची. फ्लोटच्या वरच्या पृष्ठभागापेक्षा पंख दोनेक अंश वर ठेवला आणि पळणं एकदम मोकळं झालं. बाकी मापं माझ्या विमानावर अशी जमली : फ्लोटची लांबी विमानाच्या लांबीच्या तीन चतुर्थांश, दोन फ्लोटमधलं अंतर पंखविस्ताराच्या साधारण २२ टक्के, आणि दोन्ही मिळून तरंगण्याची ताकद विमानाच्या वजनाच्या दुप्पट.

एवढं करूनही सकाळी सातला, पाणी आरशासारखं असताना, ते चिकटायचंच. मामा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "अरे, पाणकावळा बघ की. कसा पाणी फोडत पळतो, तवा उठतो. ह्या गप पाण्यात नाही सुटायचं ते." तेव्हापासून मी आधी एक गोल चक्कर मारतो आणि स्वतःच्याच लाटांवरून धाव घेतो. विमान दहा-बारा मीटरमध्ये सुटतं. उतरतानाही बारीक लहर असलेली बरी, कारण गुळगुळीत पाण्यावर उंचीचा अंदाज येत नाही.

हवेत फरक जाणवतो. फ्लोटचा अडथळा खाली असल्याने थ्रॉटल बंद केला की नाक झुकतं, म्हणून टेकेपर्यंत थोडी पॉवर ठेवावी. पुढच्या बाजूला पृष्ठभाग वाढल्याने शेपूट डोलायची. शेपटीखाली फोमचा छोटा फिन चिकटवला आणि ते थांबलं. उड्डाणाचा वेळ ११ मिनिटांवरून ८ वर आला.

नुकसान एकदाच झालं, डिसेंबरमध्ये. बाजूच्या वाऱ्यात वळताना पंख बुडाला आणि विमान उलटलं. ब्रशलेस मोटर वाळवल्यावर चालू झाली, मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, म्हणजे ईएससी, मात्र गेला. आता ईएससीला सिलिकॉनचा लेप आहे, रिसीव्हर फुग्यात बांधलेला असतो, आणि वॉटर रडर, म्हणजे पाण्यातलं छोटं सुकाणू, डाव्या फ्लोटला लावलाय. त्याच्याशिवाय वाऱ्यात पाण्यावर वळवणं अवघडच आहे. आणायला जाण्यासाठी ट्रकच्या चाकाची ट्यूब आणि लाइफ जॅकेट नेतो. मामांच्या पोरांना पट्टीचं पोहता येतं, तरी जॅकेटशिवाय कुणालाही पाण्यात उतरू देत नाही. तळाला गाळ आहे आणि मासेमारीची जाळीही असतात.

उन्हाळ्याबद्दल एक तक्रार. एप्रिलमध्ये डिकीत दोन तास राहिल्यावर फ्लोटच्या सांध्यावरची टेप सुटली आणि पुढच्या उड्डाणात डाव्या फ्लोटमध्ये पाणी शिरलं. आता सांधे इपॉक्सीने भरलेत, आणि नेताना फ्लोट ओल्या सोलापुरी चादरीत गुंडाळतो.

मेअखेर तलाव निम्म्याहून कमी झाला आणि बाभळीची खोडं वर आली, तेव्हा फ्लोट उतरवून चाकं लावली. दोन्हींना एकाच मापाचे बोल्ट ठेवलेत, त्यामुळे बदलायला दहा मिनिटं पुरतात. पाऊस झाला की मामा फोन करणार आहेत.