परदेशी एम.एस.: घर तारण ठेवून सरकारी बँक, की बिनतारण एनबीएफसी?

प्रवेश मिळालाय, ४० लाखांचं शैक्षणिक कर्ज हवंय आणि सरकारी बँकेसाठी घर गहाण टाकायचं की एनबीएफसीकडून (बँक नसलेल्या वित्तसंस्थेकडून) बिनतारण घ्यायचं, यावर घरात एकमत नाही. आधी व्याज पाहू.

दरात दोन टक्क्यांचा फरक धरा. पूर्ण रक्कम उचलल्यावर सरकारी बँकेत १० टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३३,३३३ रुपये, एनबीएफसीत १२ टक्क्यांनी ४०,०००. शिवाय शिकत असताना सरकारी बँक सहसा सरळव्याज लावते, हप्ता मागत नाही. एनबीएफसी बऱ्याचदा दरमहा थोडं व्याज भरायला लावते आणि उरलेलं मुद्दलात चढवते. करारातली ही ओळ शोधून वाचाच.

वेळेत मात्र एनबीएफसी पुढे. पालकांचा पगार, सिबिल स्कोअर (आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा गुणांक) आणि विद्यापीठ पाहून ती लवकर मंजुरी देते. बँकेत घराचा टायटल सर्च (मालकीच्या कागदांची तपासणी) आणि मूल्यांकन होतं, आणि गाडी कागदांवर अडते: इंडेक्स टूवर (दस्तनोंदणीच्या उताऱ्यावर) आजोबांचं नाव पण वारसनोंद नाही, गावठाणातल्या घराला मंजूर नकाशा नाही, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही. शेतजमीन तर बहुतेक बँका घेतच नाहीत.

कर्जाच्या व्याजावरची आयकर वजावट (८०ई) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. एनबीएफसीच्या कर्जावर ती संस्था अधिसूचित असेल तरच.

कागद चोख आणि हाताशी तीन महिने असतील, तर सरकारी बँक. स्वतःचं घर नाही पण सहकर्जदाराचा पगार पक्का आहे, तर एनबीएफसी. वडील दोन वर्षांत निवृत्त होणार असतील, तर दरमहा व्याजाची अट असलेलं कर्ज घेऊच नका.